काडतूस आणि कागद

आम्ही तेहतीस वर्षे दारूगोळ्याच्या एका सरकारी कारखान्यात काढली. १९७९ साली लागलो, २०१२ साली निवृत्त झालो. 'डेंजर बिल्डिंग' हा शब्द आमच्या घरातल्या शेंबड्या पोरालाही पाठ होता. आगपेटी आणि बिडी गेटवर ठेवायची, बिनखिळ्यांचे बूट घालायचे, तांब्याच्या पट्टीला हात लावायचा आणि मगच आत पाऊल टाकायचे. लाखो काडतुसे आमच्या डोळ्यांसमोरून गेली. त्यामुळे या वस्तूचे आम्हाला काही नवल राहिले नव्हते. ते पुन्हा वाटले २०१९ च्या उन्हाळ्यात, अमेरिकेत.

आमची मुलगी आणि जावई ओहायो राज्यात राहतात. आम्ही दोघे नवरा-बायको त्यांच्याकडे तीन महिने होतो. शेजारी सत्तरी ओलांडलेले एक गोरे आजोबा राहत. जन्मभर लेथवर काम केलेले. "आमचे बाबा काडतुसांच्या कारखान्यात होते," असे मुलीने सांगताच त्यांनी आमचा हात धरला आणि थेट गॅरेजमध्ये नेले.

तिथे एक मजबूत टेबल, त्यावर लांब दांड्याचा हातप्रेस, एक छोटा काटा आणि एक जाडजूड वही. हे आजोबा नेमबाजीच्या स्पर्धांत भाग घेतात आणि आपली काडतुसे स्वतःच पुन्हा भरतात. त्यांच्या राज्यात ईरी सरोवराच्या काठी कॅम्प पेरी नावाचे मैदान आहे. १९०७ सालापासून तिथे राष्ट्रीय स्पर्धा होतात. दोनशे, तीनशे आणि सहाशे यार्डांवरून कागदी निशाणावर नेम धरायचा. सहाशे यार्ड म्हणजे अर्ध्या किलोमीटरहून जास्त अंतर.

काडतुसाचे भाग चार : पितळी नळी, तिच्या बुडातली कॅप, आतली दारू आणि तोंडाची गोळी. बार उडाला की कॅप फुटते, दारू जळते, गोळी निघून जाते. पितळी नळी मात्र मागे उरते, आणि चारांत महाग तीच. तिकडची हौशी माणसे ती फेकत नाहीत. आधी ती धुऊन-घासून स्वच्छ करतात. बार उडताना नळी फुगलेली असते. तिला तेलाचा हात लावून साच्यात दाबली की ती मूळ मापावर येते आणि जुनी कॅपही बाहेर पडते. मग लांबी मोजायची, वाढली असेल तर कापायची, नवी कॅप बसवायची, दारू घालायची आणि शेवटी गोळी दाबायची. असे एकाच नळीचे बरेच फेरे होतात. आजोबा वाकवलेली तार नळीत घालून बुडाजवळ खाच लागते का, ते चाचपत. खाच लागली की नळी भंगारात.

दारूचे वजन ग्रेनमध्ये करतात. सोनाराच्या एका गुंजेत जवळपास दोन ग्रेन बसतात, इतके हे माप बारीक. पाच गोळ्या एकाच जागी जायच्या, तर पाचही नळ्यांत दारू सारखीच हवी. कमाल वजन किती ते पुस्तकात छापलेले असते, आणि हौशी माणूस त्याखालून सुरुवात करून हळूहळू वर जातो. टेबलावर एका वेळी दारूचा एकच डबा ठेवायचा, म्हणजे अदलाबदल होत नाही.

त्या दिवशी लाकडी ठोकळ्यात पन्नास नळ्या उभ्या होत्या. आजोबा एकेक वजन करून दारू ओतत होते. चाळीसेक झाल्या असतील. आम्हाला राहवले नाही. आम्ही मुलीमार्फत काहीतरी विचारले. उत्तर देताना त्यांची नजर काट्याकडे गेली. त्याचा स्क्रू किंचित सरकला होता. कधी सरकला, कितव्या नळीपासून सरकला, ते कळायला मार्ग नव्हता. ते काही बोलले नाहीत. एकेक नळी उचलून सगळी दारू डब्यात परत ओतली, काटा नीट लावला आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

मुलगी म्हणाली, "बाबा, आपल्यामुळे त्यांचा अर्धा तास फुकट गेला." आम्ही काही बोललो नाही. आम्हाला आमचा एक ट्रे आठवला होता.

आमचे काम वजन तपासणीचे होते. एका महिनाअखेरीस कोटा पुरा करायचा होता, सुपरवायझर डोक्यावर उभा होता. काटा अडखळतो आहे असा आम्हाला संशय आला. ट्रे बाजूला काढून पुन्हा तपासायला हवा होता. आम्ही तो पुढे सारला. पुढे काही ऐकू आले नाही, कोणी विचारलेही नाही. पण दारू न पडलेल्या काडतुसाची गोळी कॅपच्या जोरावर नळीतच अडकते आणि मागून दुसरा बार काढला तर बंदूक फुटू शकते, हे आम्हाला चांगले ठाऊक होते. ती बंदूक आपल्याच कुणा जवानाच्या गालाला टेकलेली असणार.

वर्षावासात एकदा भन्तेजींनी विहारात सांगितले होते की, उपासकाने शस्त्रे, प्राणी, मांस, मद्य आणि विष यांचा व्यापार करू नये. सोबतचे कामगार म्हणाले, "आपण कुठे व्यापार करतो? आपली देशसेवा." आम्हालाही ते पटले होते. पण तो ट्रे कोणत्याच उत्तरात बसत नव्हता.

निघण्याआधी आजोबांनी आम्हाला मैदानावर नेले. कानांना बोळे लावून आम्ही मागे बसलो. त्यांनी पाच बार काढले आणि मग निशाणाचा कागद आणून दाखवला. पाच भोके एका नाण्याखाली झाकली जातील एवढी जवळ. कितव्या काडतुसात किती दारू होती ते वहीत, आणि ते कुठे गेले ते कागदावर. तेहतीस वर्षांत आमचे एकही काडतूस कुठे लागले, ते आम्ही पाहिले नव्हते.

आजोबा आठवण म्हणून एक रिकामी नळी देत होते. आम्ही नको म्हटले. सामानात काडतूस सापडले तर विमानतळावर पोलिसांचे लचांड मागे लागते. आम्ही कागद मागून घेतला. आणि वाचकांनीही ही हौस इथे करू नये. अमेरिकेत स्वतःपुरते भरता येते, विकायचे तर तिथेही परवाना लागतो. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय काडतूस बनविणे हा गंभीर गुन्हा आहे.

२०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्निल कुसाळे या मध्य रेल्वेतल्या कर्मचाऱ्याने ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक मिळविले. आमच्या मुलाचा मुलगा टी.व्ही. पाहताना म्हणाला, "आजोबा, हापण गोळ्या घरी भरतो का?" आम्ही सांगितले, त्याचे पॉइंट टू-टू काडतूस भरता येत नाही. त्याला वेगळी कॅप नसते, मसाला बुडाच्या कडेतच असतो आणि एकदा कड चेपली की संपले. मग ट्रंकेतून तो कागद काढून त्याच्यासमोर ठेवला.

त्याने भोके मोजली आणि विचारले, "मग तुमच्या गोळ्या कुठे गेल्या?"

आम्ही म्हणालो, "माहीत नाही रे बाळा." आणि त्याला त्या ट्रेची गोष्ट सांगितली. घरात ती आजवर कोणालाच सांगितली नव्हती.