बांधावरचा वाळा

भोर तालुक्यातली आमची जमीन उताराची आहे. वर मुरमाड माळ, खाली भाताची खाचरं आणि मधल्या पट्ट्यात नाचणी-वरई. जुलैत पाऊस लागला की मधल्या पट्ट्यातली माती ओघळींनी खाली यायची आणि तिथून ओढ्याला मिळायची. मातीचे बांध घालून पाहिले होते, पण असा बांध एका जागी फुटला की तुंबलेलं सगळं पाणी त्याच भगदाडातून धावतं आणि घळ पाडतं. दगडी ताली टिकतात, पण त्या रचणारे हात आता गावात फारसे उरले नाहीत. म्हणून मी वाळा लावायचं ठरवलं.

सासऱ्यांना, म्हणजे अण्णांना, ते पटेना. "हरळी, कुंदा काढता काढता आमची हयात गेली आणि तू विकतचं गवत आणून लावतेस?" असं त्यांनी सरळ विचारलं. भीती रास्त होती. पण दक्षिण भारतात लागवडीसाठी वापरतात त्या वाळ्याला तुरे आले तरी रुजणारं बी धरत नाही आणि हरळीसारखे जमिनीलगत धावणारे फाटेही त्याला फुटत नाहीत. ठोंब आपल्या जागी जाड होत जातो, एवढंच. उत्तर भारतात बी धरणारा रानटी प्रकार आहे, म्हणून रोप कुठून आलं हे विचारूनच घ्यावं. कर्नाटकात गुंडलुपेटच्या बाजूला शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या शेताच्या हद्दीवर वाळा राखत आले आहेत. 1980च्या दशकात जॉन ग्रीनफिल्ड आणि रिचर्ड ग्रिमशॉ हे जागतिक बँकेचे कृषितज्ज्ञ माती धरण्यासाठी जगभर वाळ्याचा प्रचार करू लागले. ग्रीनफिल्ड यांनी त्याआधी 1950च्या दशकात फिजीतल्या उसाच्या उतारांवर तो लावून पाहिला होता. हे सगळं मी अण्णांना सांगितलं. त्यांना गुंडलुपेट तेवढं पटलं, कारण तिथे शेतकऱ्यांनी केलं होतं.

लावणीत महत्त्व ओळीला आहे. ओळ समपातळीत हवी, नाहीतर पाणी सखल टोकाकडे धावतं. आम्ही तीन बांबूंची ए आकाराची चौकट केली, शेंड्याला दोरी बांधून दगड लोंबता सोडला आणि पावलापावलाने खुणा करत उतार आडवा कापला. अण्णा चौकटीचा एक पाय धरून होते, तेव्हा मला जरा धीर आला.

मृगाचे दोन-तीन चांगले पाऊस होऊन जमीन भिजली की लावायचं. जुना ठोंब खणून दोन-तीन काड्यांचे फुटवे अलग करायचे. पात वीतभर ठेवून छाटायची, मुळ्या चार-पाच बोटं ठेवून कापायच्या. हाताने ओरबाडून फुटवा काढला तर बुडखा तुटतो, कोयत्याने चिरलेला बरा. दोन फुटव्यांत 10 ते 15 सेंटिमीटर अंतर. रोपं वाचवायला म्हणून माणसं हातभर अंतर सोडतात आणि मग त्या फटींतून माती जातच राहते. चार ओळी विरळ लावण्यापेक्षा एकच ओळ दाट लावावी, असं माझं ठाम मत आहे. पहिल्या वर्षी तण काढावं लागतं, मेलेल्या फुटव्यांच्या जागी नवे लावावे लागतात आणि गुरं आवरावी लागतात, कारण कोवळी पात ती आवडीने खातात. सावली मात्र वाळ्याला सोसत नाही. आंब्याखालून ओळ नेऊ नये.

ओळ मिळून आली की तिचं काम दिसू लागतं. वाळा पाणी अडवत नाही, वेग मोडतो. ताठ काड्यांच्या दाटीत लोंढा पसरतो, गाळ मागे टाकतो आणि पाणी हळूहळू पलीकडे झिरपतं. गाळाने बुडखा पुरला गेला तरी ठोंब कुजत नाही. काडीच्या पेरांना नव्या मुळ्या फुटतात आणि ठोंब गाळाबरोबर वर चढत जातो. आमच्या वरच्या ओळीमागे अशी आपोआप पायरी तयार झाली आहे. मुळ्या आडव्या न पसरता सरळ खाली जातात, चांगल्या जमिनीत तीन मीटर आणि त्याहूनही खोल. त्यामुळे ओळीलगतच्या नाचणीची वाढ खुंटत नाही. वर्षातून दोनदा मी गुडघ्याएवढी ठेवून पात कापते. कापलं की फुटवे वाढतात, ओळ घट्ट होते आणि जून पात आंब्याच्या आळ्यात आच्छादनाला जाते.

गेल्या उन्हाळ्यात मुळ्यांची चौकशी करत एक व्यापारी आला. अत्तराला, सरबताला, कूलरच्या ताट्यांना वाळा लागतो आणि पैसेही बरे मिळतात. मी नाही म्हणाले. मूळ हवं तर अख्खा ठोंब खणावा लागतो आणि उतारावर ऐन पावसाच्या तोंडावर जमीन भुसभुशीत करून ठेवणं म्हणजे ती ओढ्याला देऊन टाकणं. तेलासाठी लखनौच्या 'सीमॅप' या संस्थेने वेगळे वाण काढले आहेत. सपाट, रेताड जमीन असेल त्याने ते खुशाल लावावेत, साधारण दीड वर्षात मुळ्या काढणीला येतात. घरच्या माठापुरता वाळा मी विहिरीजवळ वाळू-माती भरलेल्या उंच पोत्यांत लावला आहे. पोतं उसवलं की मुळ्या न तुटता धुऊन निघतात आणि वरचे फुटवे पुन्हा ओळीतल्या फटी भरायला उपयोगी पडतात. यंदा त्यातलेच काही खालच्या वस्तीवरच्या जावेने नेले. तिच्या खाचराच्या वरच्या अंगाला समपातळीची खूण करायला अण्णा चौकट घेऊन गेले होते.