नांगरापुरती जागा

मनुष्यास राहावयास घर मिळणें कठीण, असें आम्ही नेहमीं ऐकतों. परंतु होडीस घर मिळणें त्याहूनही कठीण आहे, हें आम्हांस वयाची चाळिशी उलटल्यावर कळलें.

घाटमाथ्यावरील शाळेंत भूगोल शिकविणाऱ्या मास्तरास शिडाची होडी कशास हवी, असा प्रश्न आमच्या कित्येक विद्यार्थ्यांनीं तोंडावर व त्यांच्या पालकांनीं माघारीं विचारला आहे. त्याचें उत्तर इतकेंच कीं, ती आम्हीं मागितली नव्हती. ज्यांच्या हाताखालीं आम्ही शिक्षक झालों, ते आमचे वृद्ध गुरुजी प्रकृतीच्या कारणानें दाभोळचें बिऱ्हाड मोडून २०२२ सालीं कन्येकडे नागपुरास गेले, आणि जातांना आपली अठरा फुटी होडी आमच्या स्वाधीन करून गेले. "विकूं नका, निदान मी आहें तोंवर," एवढेंच ते म्हणाले. त्यांनीं आम्हांस जें दिलें होतें त्याच्या मानानें ही मागणी फारच लहान होती. होडी म्हणजे कांहीं दारीं बांधावयाचा हत्ती नव्हे, असें आम्हीं घरीं सांगितलें. आमच्या कुटुंबानें त्यावर कांहींच म्हटलें नाहीं. तेव्हांच आम्ही सावध व्हावयास हवें होतें.

दाभोळ हें वाशिष्ठी नदीच्या मुखावरचें जुनें बंदर. एके काळीं येथें अरबस्तानचीं व इराणचीं गलबतें लागत. गुरुजींचें बिऱ्हाड पाण्याच्या कांठीं असल्यामुळें त्यांची होडी घरामागेंच असे; बिऱ्हाड सुटलें, तशी तिची जागाही सुटली. दिवाळीच्या सुटींत आम्ही दुसरी जागा शोधावयास निघालों. किनाऱ्यास मच्छीमारांच्या नावा एकीस एक लागून उभ्या. कोणी उद्धटपणें बोललें नाहीं, परंतु प्रत्येक हातभर जागा कोणाच्या तरी आज्यापासून चालत आलेली होती, आणि जे लोक त्या पाण्यावर पोट भरतात त्यांना हौशी मास्तराच्या होडीसाठीं सरका म्हणण्याचा अधिकार आम्हांस नव्हता. एका गृहस्थाचा खाजगी धक्का होता. त्यानें महिना तीन हजार रुपये सांगितले. वर्षाचे छत्तीस हजार! तेवढ्यांत ज्येष्ठ कन्येची वसतिगृहाची फी निघत होती. आम्हीं त्यांचा चहा घेतला व आभार मानून बाहेर पडलों.

शिवाय मुखाजवळचें पाणी खारें. खाऱ्या पाण्यांत लाकडाची होडी कायमची उभी ठेवली म्हणजे लाकूड पोखरणारा एक प्राणी फळ्यांत शिरतो. नांवानें किडा, पण जातीनें तो शिंपल्यांचा भाऊबंद आहे. बाहेरून फळी धड दिसते आणि आंत चाळण झालेली असते. त्यासाठीं होडी वरचेवर कोरड्यावर काढून तळास काजूच्या टरफलांचें तेल द्यावें लागतें. चार तासांच्या प्रवासावर राहणाऱ्या माणसानें हें कसें करावें?

नदीनें थोडें वर गेल्यावर एका वळणाआड आम्हांस फुकटची जागा सांपडली. पाणी शांत, वारा अडलेला, भाडें मागावयास कोणी नाहीं. ओहोटी पुरी झालेली पाहून आम्हीं बांबू बुडविला. अडीच हात पाणी भरलें. आमच्या होडीस दीड हात पुरे. दोन नांगर टाकले, एक वरच्या अंगास व एक खालच्या अंगास. कारण खाडींत पाणी दिवसांतून चार वेळां दिशा बदलतें, आणि एकाच नांगरावरची होडी त्याभोंवतीं गरगर फिरून अरुंद पात्रांत कांठावर चढते. एवढी दक्षता घेतल्याबद्दल स्वतःवर प्रसन्न होऊन आम्ही घाट चढून परत आलों.

आठच दिवसांनीं निरोप आला, "मास्तर, होडी पाण्याखालीं."

आतां विद्यार्थ्यांनीं हंसूं नये. आम्हीं बांबू बुडविला तो दिवस अष्टमीचा होता. अष्टमीच्या सुमारास भरती फार चढत नाहीं व ओहोटीही फार उतरत नाहीं. त्यास किनाऱ्यावरचे लोक भांग म्हणतात. अमावास्येस व पौर्णिमेस सूर्य, चंद्र व पृथ्वी एका रेषेंत येऊन उधाण होतें. मग भरती जितकी वर चढते तितकीच ओहोटी खालीं जाते. अष्टमीचें अडीच हात पाणी अमावास्येस हातभरही राहिलें नाहीं. होडी उतरत्या चिखलावर टेकली आणि नदीकडे कलली. त्या तिथीस तेथें भरती माध्यान्हाच्या सुमारास व ओहोटी सायंकाळीं पुरी होते; त्यामुळें पाणी परतलें तें अंधारांत, आणि होडी उचलली जाण्यापूर्वींच कललेल्या कडेवरून आंत शिरलें. ही आकृति आम्हीं वीस वर्षें फळ्यावर काढली आहे. तिच्यावर परीक्षेंत चार गुणांचा प्रश्नही घातला आहे.

होडी वर काढण्यास दोन दिवस व चार माणसें लागलीं. खर्चाचा आंकडा घरीं सांगितला तो येथें सांगत नाहीं. त्या चौघांत गोवळकोटचे एक वृद्ध नावाडी होते. सारा गांव त्यांना चाचा म्हणतो, म्हणून आम्हीही म्हणूं लागलों. बादलीनें पाणी उपसतां उपसतां ते म्हणाले, "मास्तर, अष्टमीचं पाणी बघून जागा ठरवायची नाय. आणि जिथं भाडं मागायला कोण येत नाय, तिथं बघायलाही कोण येत नाय."

गोवळकोट हें चिपळुणाजवळचें जुनें बंदर. पूर्वीं घाटावरचा माल येथें होड्यांत चढे. चाचांचें घर तेथें नदीकांठीं आहे. तेथील पाणी गोडसर, त्यामुळें फळ्या पोखरणारा तो प्राणी तेथें तग धरीत नाहीं. हें गोडें पाणी कोठून येतें हें ऐकून आमच्या विद्यार्थ्यांस नवल वाटेल. तें बरेंचसें आपलेंच आहे! जी कोयना कऱ्हाडास कृष्णेस मिळून पूर्वसमुद्राकडे जावयाची, तिचें पाणी बोगद्यांतून पश्चिमेस वळवून पोफळी व कोळकेवाडी येथें वीज करितात आणि मग वाशिष्ठींत सोडतात. म्हणून भर वैशाखांतही ती नदी वाहती असते.

चाचांनीं मागितले महिना चारशें रुपये. परंतु त्याबरोबर अटी होत्या. आठवड्यांतून चार दिवस होडी ते मासेमारीस वापरणार. दोर व तेल आमचें. आणि वर्षांतून दोनदां, होडी पाण्यांत घालतांना व काढतांना, आम्हीं स्वतः हजर राहावयाचें. "वापरात असली तर मी रोज बघीन," ते म्हणाले. "नुसती बांधून ठेवली तर मीपण विसरीन." पावसाळ्याची जागाही त्यांनीं दाखविली. २२ जुलै २०२१ रोजीं चिपळुणांत जो महापूर आला, त्याची रेघ त्यांच्या भिंतीवर अजून आहे. होडी त्या रेघेच्या वरच्या उंचवट्यावर, झापांनीं शाकारून. आणि तेवढ्यावरही आंब्याच्या बुंध्यास जाड दोरानें बांधून.

जागा परवडणारी होती. आम्हांस परवडत नव्हता तो आमचा शब्द. होडी विकूं नका म्हणणाऱ्यानें ती आठवड्यांतून चार दिवस दुसऱ्याच्या हातीं दिलेली चालेल काय? आम्हीं भीत भीत नागपुरास फोन केला. सारें ऐकून गुरुजी इतका वेळ गप्प राहिले कीं, फोन बंद झाला असें वाटलें. मग त्यांनीं विचारलें, "शीड तेच वापरतात, कीं यंत्र बसवणार?" शीडच, असें आम्हीं सांगितलें. "मग द्या," ते म्हणाले, आणि लागलीच परबाणाच्या दोराची गांठ कोणती मारावी हें सांगूं लागले.

त्यास आतां दुसरें वर्ष आहे. मुलांचा नेहमींचा प्रश्न मगरींचा असतो, म्हणून सांगतों: आहेत. हिवाळ्यांत सकाळीं चिखलावर ऊन खात पडलेल्या आम्हीं पाहिल्या आहेत. म्हणून होडीकडे पाण्यांतून चालत जाण्याचें सोडून आम्ही चाचांच्या डोणींतून जातों. या खेपेस नारळी पौर्णिमेनंतर होडी पाण्यांत घालतांना आम्ही तेथें होतों. परवां पुन्हां निरोप आला आहे: खालच्या अंगाच्या नांगराचा दोर झिजला, दिवाळीस येतांना नवा आणावा, काथ्याचा नको, नायलॉनचा, चाळीस हात. बाजारांत चौकशी केली. भाव ऐकून आमच्या कुटुंबानें या वेळीं मात्र कांहीं तरी म्हटलें. पण पिशवींत दोरास जागा ठेवली आहे.