आधी अ की आधी ट?

पोरीला सहा वर्षं पूर्ण होईपर्यंत घरीच शिकवायचं ठरलं, तेव्हा मला धास्ती होती गणिताची. अक्षरांचं काय, पाटीवर अ काढून द्यायचा आणि गिरव म्हणायचं. बेंबळीत आम्ही सगळे असेच शिकलो.

पण अ जवळून बघा एकदा. आधी तीनच्या आकड्यासारखं वळण, मग मधून आडवी रेघ, मग काना, मग डोक्यावरची रेघ. पाच वर्षांच्या बोटांना त्यातलं पहिलं वळणच आवरेना. अर्ध्यात पेन्सिल थांबायची आणि ती माझ्याकडे बघायची.

म्हणून धाराशिवला जाऊन सुलेखनाच्या वह्या चाळल्या. एकीत अ, आ, इ. दुसरीत नुसत्या उभ्या, आडव्या, तिरप्या रेघा आणि अर्धगोल, मग ग, म, न. तिसरी थेट ट, ठ पासून. यातली कुठली बरोबर, असं विचारलं तर दुकानदार म्हणाला, “ताई, तिन्ही खपतात.”

घरात सल्ल्यांना तोटा नव्हता. आत्याबाई म्हणाल्या, “वही कशाला नासायलीस? राखंत गिरवू दे की बोटानं.” मामंजींचं वेगळंच. त्यांचे वडील निजामाच्या अमलात उर्दूत शिकलेले. 1948 च्या सप्टेंबरात मराठवाडा मोकळा झाला, तोवर लिहिणं उजवीकडून डावीकडे. ट्रंकेत त्यांचे कागद अजून आहेत, आम्हाला कुणालाच वाचता येत नाहीत. “माणूस कुठूनबी सुरू करून शिकतंय,” हे मामंजींचं मत. खरं असेल, पण उद्या सकाळी पाटीवर काय काढू?

आत्याबाईंची राख मी हसण्यावारी नेली होती. मग वाचलं, माँटेसोरीबाईंच्या पद्धतीत खरखरीत कागदाची अक्षरं आधी बोटानं गिरवून घेतात. 1945 साली बोर्डीत ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालवाडीचं काम सुरू केलं तेव्हा महागडी साधनं सोडून शिंपले, बिया, पानं असं आसपास मिळेल ते वापरलं. आमच्याकडे चिंचोके पोत्यानं. आता ओसरीवर चिंचोक्यांचा ट असतो, त्यावरून बोट फिरतं, मग राख, मग पाटी.

ट का? तर छोटी दांडी आणि एक वळण, हात न उचलता. त्याचं तोंड मिटलं की ठ. पुढे व आला की त्याच्या पोटात तिरपी रेघ दिली की ब, उजवीकडे शेपूट दिलं की क. वर्णमालेचा क्रम उच्चाराच्या जागेवर बसवलाय, कंठापासून ओठापर्यंत. हाताचा त्यात विचारच नाही. तो तोंडपाठ करायला उत्तम, लिहायला नको, एवढं माझं पक्कं झालंय. ओळी मात्र मोठ्या हव्यात. त्या अरुंद दुरेघी वह्या लहान पोरांसाठी कोण छापतं कुणास ठाऊक.

ल नं नवाच घोळ घातला. पुस्तकात दोन पाकळ्यांचा ल, माझ्या मोबाइलवर उभ्या दंडाचा. श चं तेच, पुस्तकात देठाचा, मोबाइलवर वेगळा. पोरगी विचारते, खरा कुठला? मराठीत पाकळीचा ल आणि देठाचा श वापरावा, असं शासनानं ठरवूनच दिलंय. मोबाइलला कोण सांगणार! तिला लिहायला पाकळीचा आणि वाचायला दोन्ही, असा तोडगा काढला.

राहिली डोक्यावरची रेघ. आत्याबाई म्हणतात, आधी रेघ ओढ आणि तिला अक्षरं लटकव, म्हणजे ओळ सरळ राहते. मला वाटतं, शब्द पुरा झाल्यावर एकच रेघ मारावी. हात मधे अडत नाही आणि शब्द कुठे संपला तेही कळतं. पोरगी त्यांच्यासमोर आधी मारते, माझ्यासमोर नंतर.