गादीवाफ्याचे देणे

आमचे वडील चंद्रपूर जिल्ह्यातील एका वनरोपवाटिकेत नोकरीला होते. आम्हां तिघा भावंडांचे बालपण सागाच्या गादीवाफ्यांभोवती गेले. रोपवाटिका म्हणजे जंगलाचेच बालरूप, अशी आमची समजूत होती. ती चुकीची होती.

जंगलातला साग दरवर्षी पाने गाळतो आणि मातीतून घेतलेल्यातला बराच वाटा मातीला परत करतो. शेतातून धान्य गेले तरी धसकटे मागे राहतात. रोपवाटिकेत तेवढेही उरत नाही. वर्षभर वाढलेले सागाचे रोप पावसाळ्याच्या तोंडावर मुळासकट उपटायचे, खोड बोटाच्या पेराएवढे ठेवून छाटायचे, सोटमूळ वीतभर राखायचे. झाली लावणीची जडी. तिच्याबरोबर नत्र, स्फुरद, पालाश वाफ्याबाहेर जातात. मुळाला चिकटलेली मातीही जाते. पिशवीतल्या रोपाबरोबर तर मातीच निघून जाते, आणि ती पुष्कळदा जंगलाच्या वरच्या थरातून खणून आणलेली असते. पिकाने नेलेली खनिजे जमिनीला परत द्यावी लागतात, हे लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८४० साली शेतीसंबंधी मांडले. वनाच्या या पाळण्याला ते अधिकच लागू पडते.

वडिलांनी लीबिग वाचला नव्हता. छाटलेले शेंडे ते खड्ड्यात कुजवीत, शेणखत घालीत आणि आळीपाळीने काही वाफ्यांत ताग पेरून तो फुलावर येताच मातीत गाडीत. एका वर्षी रोपांची मागणी वाढली. तागाचे वाफेही रोपांखाली आले. पुढच्या हंगामात रोपांची खालची पाने आधी पिवळी पडली. नत्र कमी पडल्याची ती खूण. जाब वडिलांना विचारला गेला. त्यांनी नोंदवही पुढे केली. तीत उगवलेल्या, मेलेल्या, पाठवलेल्या रोपांचे रकाने होते. मातीचा रकाना नव्हता.

पुढे आम्ही तिघेही शहरांत गेलो. आमच्यापैकी दोघे साहित्य शिकवतो, एक जण कथा लिहितो. त्या कथांतली माणसे, त्यांची बोली, आमच्या व्याख्यानांतले दाखलेसुद्धा त्या गावातून उचललेले आहेत, तेही मुळासकट. त्याबद्दल आम्हांला मान मिळाला. गावच्या शाळेत मात्र आमच्यापैकी कोणाचे एक पुस्तकही नाही, हे वडील गेल्यानंतर तिथे गेलो तेव्हा समजले.

त्यांची ती वही आता आमच्याकडे आहे. पाठवलेल्यांच्या रकान्यात आम्ही आमची नावे मनातल्या मनात लिहून पाहतो, आणि पुढचा रकाना शोधू लागतो.