आईची हरवलेली दिवाळी

विजेशी आमच्या घराण्याचे पहिल्यापासून वाकडे. आईचे माहेर मुळशीच्या धरणात गेलेले. १९२१ साली सेनापती बापटांच्या मागे मावळातले शेतकरी सत्याग्रहाला उभे राहिले, तरी पाणी चढायचे ते चढलेच. तेच पाणी घाटाखाली भिऱ्याला पाडून १९२७ पासून वीज होते आणि मुंबईला जाते. पौडजवळच्या आमच्या घरात मात्र माझ्या लहानपणी कंदीलच होता. बापाच्या तोंडून ऐकून ऐकून आईचे विजेबद्दल काय मत झाले असेल, ते वाचकांनीच ओळखावे.

आणि त्याच आईच्या डोक्याला वीज लावायच्या कागदावर २०१८ च्या ऑक्टोबरात मी सही केली.

वडील गेल्यानंतरच्या पावसाळ्यात आई बसली ती बसलीच. आधी बोलणे आटले, मग झोप गेली, मग जेवण. लावणीच्या दिवसांत अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही बांधावर उभी राहून माणसांना हाकणारी बाई, ती भिंतीकडे तोंड करून म्हणे, "धान्य संपलंय. पोरांना घाला, मला नको." कणगीत आंबेमोहर होता. मी मूठभर तांदूळ आणून तिच्या ओंजळीत घातला. तिने तो नीट पाहिला आणि म्हणाली, "हा शेवटचा." त्या दिवशी मी हबकलो.

गोळ्या झाल्या, त्या बदलून झाल्या. देवऋषीही झाला, खोटे कशाला सांगू? शेवटी पुण्यातल्या डॉक्टरांनी शॉकचे नाव काढले. आमच्याकडे "येरवड्याला पाठवा" ही शिवी आहे; तेव्हा घरात काय झाले असेल! धाकटा भाऊ मुंबईहून फोनवर ओरडला, "दादा, सिनेमात बघितलंस ना? हातपाय बांधतात, माणूस तडफडतो!"

भावाचे अगदीच चुकत नव्हते. हा उपचार १९३८ साली रोममध्ये चेर्लेत्ती आणि बिनी या दोन डॉक्टरांनी सुरू केला. कत्तलखान्यात डुकरांना विजेने बेशुद्ध करतात, हे पाहून चेर्लेत्तींना धीर आला होता म्हणे. जन्मकथा काही फारशी मंगल नव्हे. पुढे कित्येक वर्षे भूल न देताच शॉक देत. त्यात हाडेसुद्धा मोडत. आपल्याकडे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने भूल आणि स्नायू सैल करणारे औषध यांशिवाय तो द्यायला बंदी केली, आणि तो कायदा नेमका २०१८ च्या मे महिन्यात अमलात आला होता.

डॉक्टरांनी मला शांतपणे सगळे समजावले. उपाशीपोटी न्यायचे, शिरेतून भूल द्यायची, दातांत रबरी ठोकळा ठेवायचा. मग डोक्याला लावलेल्या दोन चकत्यांतून काही सेकंद वीज. तिने मेंदूत अपस्माराचा झटका उठतो आणि मिनिटभरात शमतो. गुण वीज करीत नाही, तो झटका करतो. एका पायाला आधीच पट्टा आवळतात. औषध त्या पावलात पोचत नाही, म्हणून अंग निश्चल असताना तेवढे पाऊल थरथरते, आणि झटका आल्याची खूण पटते. झटक्याने मन ताळ्यावर का येते, याचा पुरता उलगडा शास्त्राला अजून झालेला नाही. मेंदूतली रसायने बदलतात, त्याच्या भागाभागांतले दळणवळण बदलते, इतके दिसते. पण अन्न टाकलेल्या, गोळ्यांना दाद न देणाऱ्या माणसाला इतक्या लवकर उठवणारा दुसरा उपाय हाताशी क्वचितच असतो. "आठवण थोडी जाईल," डॉक्टर म्हणाले. "बहुधा आजारातल्या आणि उपचारातल्या दिवसांची. काहींची जास्त जाते." हे त्यांनी लपवले नाही, म्हणून माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

आठवड्यातून दोनदा, असे आठ शॉक ठरले. दर खेपेला मी दाराबाहेर बाकावर बसे, आणि आत आईचे एक पाऊल थरथरत असेल एवढेच डोळ्यांपुढे येई. पहिल्या तीन खेपांत काही नाही. डोकेदुखी आणि "मी कुठंय?" एवढेच. पाचव्यानंतर, दिवाळीच्या तोंडावर, परतताना पिरंगुटच्या आसपास तिने गाडीच्या काचेतून शेतांकडे पाहिले.

"कापणीला माणसं मिळाली का रे?"

मी गाडी कडेला घेतली. मला पुढचा रस्ता दिसेना.

घरी आल्यावर तिने पेज मागितली. वर मीठ कमी म्हणून सुनेला बोलली. सूनबाई पदराने डोळे पुसत हसत होती. शॉक संपल्यावर गोळ्या सुरूच राहिल्या, कारण हा उपाय दुखणे उठवतो, ते पुन्हा येऊ नये याची हमी देत नाही.

मात्र तो गाडीतला प्रश्न आईला आठवत नाही. पेज आठवत नाही. गणपतीपासून कार्तिकापर्यंतचे काहीच आठवत नाही. त्या वर्षीची भाऊबीज, मामाने येऊन तिला दिलेले लुगडे, सगळे गेले. लुगडे पेटीत आहे. कुणाचे म्हणून ती विचारते.

बरी झाल्यावर तिला मी सारे सांगितले. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मला विचारलं होतंस?"

"विचारलं होतं. तू म्हणालीस, धान्य संपलंय."

"मग तू काय केलंस?"

"सही केली."

यावर ती काहीच बोलली नाही. रागावली की नाही, मला आजवर कळलेले नाही. मी विचारलेलेही नाही.

दर दिवाळीला करंज्या लाटताना तिचा एक प्रश्न ठरलेला असतो. "त्या साली फराळ कुणी केला?"

"विकत आणला होता, आई."

"तरीच," ती म्हणते, आणि पुढची पारी लाटायला घेते.