सिस्टरना आधीच कळलं होतं

माझ्या काकांच्या डिस्चार्ज कार्डावर डॉक्टरांची नावं आहेत. ज्या सिस्टरमुळे ते वाचले, त्यांचं नाव कुठेच नाही. याची चीड अजून जात नाही.

काका सुरतेत लिंबायतला राहतात. धुळे-नंदुरबारकडून लूमवर कामाला आलेल्या असंख्य खानदेशी माणसांपैकी एक. शुगर जुनी. लघवीला जळजळ आणि थंडीताप म्हणून त्यांना एका खासगी दवाखान्यात ठेवलं. रात्रपाळीच्या सिस्टर नंदुरबारकडच्या निघाल्या. त्यांनी गावाकडच्या बोलीत ‘बाबा, आते कसं वाटस?’ म्हटल्यावर काका खुलले. मध्यरात्रीनंतर मात्र तेच काका ‘तू कोण?’ असं विचारू लागले. काकूंना ती तापातली बडबड वाटली.

सिस्टरना तसं वाटलं नाही. त्यांनी पूर्ण मिनिटभर श्वास मोजले: 28. लघवीच्या पिशवीत जेमतेम भर पडली होती. शुगर ठीक, बीपीही ठीक. त्यांनी ड्यूटी डॉक्टरांना फोन केला. ‘बीपी चांगलं आहे ना? पॅरासिटामॉल द्या.’ पुन्हा फोन. डॉक्टर खाली अपघाताच्या पेशंटमध्ये अडकले होते, हेही खरं. तिसऱ्या फोनवर सिस्टरनी सरळ सांगितलं, ‘सर, सेप्सिस वाटतोय.’ म्हणजे संसर्गामुळे अवयव निकामी होऊ लागणं. उत्तर आलं, ‘येतो.’ जंतुसंसर्ग झालेल्या माणसाचा श्वास मिनिटाला 22 किंवा त्याहून वर गेला आणि त्याचं भानही सुटू लागलं, तर बीपी पडायची वाट बघायची नसते. रक्ताचं कल्चर, लॅक्टेट, वेगळं अँटिबायोटिक, सगळं त्यांना माहीत होतं. ऑर्डरशिवाय यातलं काहीच करता येत नव्हतं. त्यांनी दुसऱ्या शिरेत सुई लावून ठेवली, ऑक्सिजन तयार ठेवला, प्रत्येक फोनची वेळ नोंदवली आणि खाटेपाशी उभ्या राहिल्या. पहाटे बीपी कोसळलं, तेव्हा कुठे धावपळ झाली. काका आयसीयूतून परत आले. पण ते मधले तास कुणाच्या हिशेबात धरायचे?

नर्सला असा अधिकार देणं अशक्य नाही. अमेरिकेत लोरेटा फोर्ड यांनी बालरोगतज्ज्ञ हेन्री सिल्व्हर यांच्यासोबत 1965 मध्ये कोलोरॅडोत नर्स प्रॅक्टिशनरचं शिक्षण सुरू केलं. तिथे अशा नर्स आज वॉर्डातल्या पेशंटना तपासतात, चाचण्या सांगतात, औषधंही लिहितात. आपल्याकडेही भारतीय परिचर्या परिषदेचा अतिदक्षतेतल्या नर्स प्रॅक्टिशनरसाठी दोन वर्षांचा निवासी पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात या पदाचा उल्लेख आहे. मग रात्रीच्या वॉर्डात हा अधिकार का पोहोचत नाही?

अर्थात, त्या रात्री अख्खा वॉर्ड आमच्या सिस्टर एकट्याच सांभाळत होत्या. त्याच पगारात, तितक्याच खाटांवर, उद्या औषध लिहिण्याची जबाबदारीही त्यांच्याच गळ्यात पडणार असेल, तर माझी ही मागणी मलाच क्रूर वाटते. आधी माणसं वाढवा. आणि तोवर एवढा नियम तरी लेखी करा: सिस्टरनी दुसऱ्यांदा फोन केला आणि कुणी आलं नाही, तर मोठ्या डॉक्टरांना झोपेतून उठवायचं, आणि उठवलं म्हणून सिस्टरना कुणी बोलायचं नाही.