माझ्या नोट्समधलं एक्केचाळिसावं पान

आमच्या कॉलेजच्या फाटकासमोर झेरॉक्सचं दुकान आहे. तिथं माझ्या नोट्स अजून मिळतात. एम.एस्सी. भाग एक, रिअल ॲनालिसिस, स्पायरल बाइंडिंगसह. वर नाव नाही, पण अक्षर माझंच. नव्यानं आलेली मुलं पुस्तकाच्या आधी ते बाड विकत घ्यायची आणि मला त्याचा मनातून अभिमान वाटायचा.

तालुक्याच्या गावी पदव्युत्तर वर्गांना गणित शिकवायचं म्हणजे काय, याबद्दल माझं मत फार पूर्वीच ठरून गेलं होतं. पोरं दहावीपर्यंत मराठीत शिकलेली, निम्मी सकाळच्या एस.टी.नं येणारी, काही दुपारनंतर दुकानात कामाला जाणारी. त्यांना रुडिनचं पुस्तक कशाला? ते पुण्या-मुंबईच्या मुलांचे लाड. आपण पेपरला हमखास येणारी पंधरा-सोळा प्रमेयं निवडावीत, स्वच्छ अक्षरात फळ्यावर उतरवावीत, ‘हे आयएमपी’ म्हणून चौकट करावी आणि पोरांना पार करावं. निकाल चांगला लागायचा, पालक नमस्कार करायचे. मी याला माया समजत होतो.

मी स्वतःही असाच शिकलो होतो. सिद्धता पाठ, पहिला वर्ग. सेट परीक्षेनं मात्र पाचव्या प्रयत्नापर्यंत लटकवलं. त्याचं खापर मी नशिबावर फोडलं होतं.

एकदा कॉम्पॅक्ट संचाची व्याख्या सांगून झाली होती आणि मी हाइने-बोरेलच्या प्रमेयाकडं वळत होतो. तिसऱ्या बाकावरची मुलगी उभी राहिली.

“सर, (०, १) ला झाकायला तो स्वतःच पुरे की. तो ओपन आहे. एकच संच, म्हणजे फायनाइटच झालं. मग तो कॉम्पॅक्ट का नाही?”

“परीक्षेत असं विचारत नाहीत. पुढचं लिही.”

ती बसली. मी लिहायला लागलो. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला उत्तर सुचलं नव्हतं. हा संच क्लोज्ड नाही, म्हणून कॉम्पॅक्ट नाही, हे वाक्य मला येत होतं. पण तिचा युक्तिवाद नेमका कुठं मोडतो ते दिसत नव्हतं. इतकी वर्षं तेच शिकवणाऱ्या माणसाला.

पुढच्या उन्हाळ्यात ती एम.टी.टी.एस.ला गेली. प्राध्यापक एस. कुमरेसन यांनी १९९३ साली सुरू केलेलं चार आठवड्यांचं गणिताचं शिबिर. त्यामागं राष्ट्रीय उच्च गणित मंडळाचा पैसा, त्यामुळं राहण्या-जेवणाचा भार मुलांवर नाही. फॉर्मसोबत शिफारसपत्र मीच दिलं होतं, तेही न वाचता सही करून. परत आल्यावर तिनं वही दाखवली. पानोपानी प्रश्न आणि उदाहरणं. पूर्ण लिहिलेली सिद्धता शोधावी लागत होती.

“महिनाभर राहून एवढंच?” मी म्हणालो.

“तिथं उत्तर सांगतच नाहीत, सर. आपण विचारलं की उलट विचारतात, एखादं उदाहरण दे. नाही देता आलं की म्हणतात, मग अजून तुला व्याख्या कळली नाही.”

मला ते शहरी थेर वाटलं. वही मात्र मी दोन दिवसांसाठी मागून घेतली, आणि रात्री कपाटातलं रुडिन काढलं. १९५३ साली पहिल्यांदा निघालेलं हे पुस्तक जगभरच्या गणिताच्या विद्यार्थ्यांनी कधी ना कधी उघडलेलं असतं. माझ्या प्रतीची पहिली चाळीस पानं मळलेली होती, पुढची कोरी. दुसऱ्या प्रकरणाखालचा बारावा प्रश्न असा: शून्य आणि १, १/२, १/३, १/४ असे सगळे अपूर्णांक मिळून होणारा संच कॉम्पॅक्ट आहे हे थेट व्याख्येवरून दाखवा. हाइने-बोरेल वापरायचं नाही. माझा हुकमाचा पत्ताच काढून घेतलेला.

तीन रात्री गेल्या. बायकोला वाटलं, पेपर तपासतोय. चौथ्या रात्री लक्षात आलं. कुणी कसंही झाकलं तरी शून्याला झाकणारा एक संच त्यात असणारच. तो ओपन आहे, म्हणजे शून्याभोवती थोडी तरी जागा त्याच्याकडं आहे, आणि त्या जागेत शेपटीकडचे सगळेच्या सगळे अपूर्णांक आपोआप शिरतात. बाहेर उरतात मोजके. त्यांना एकेक संच दिला की संपलं. चार ओळींचं काम. माझ्या वयाला शेहेचाळिसावं लागलं होतं आणि गणितातली एखादी गोष्ट कुणी न सांगता मला कळण्याची ती पहिली वेळ.

चौदावा प्रश्न म्हणजे तर तिचाच. (०, १) ला (१/२, १), (१/३, १), (१/४, १) अशा न संपणाऱ्या रांगेनं झाका. यातले कितीही पण मोजकेच ठेवा, शून्याजवळची फट उघडी राहते. व्याख्या म्हणते, प्रत्येक झाकणातून मोजके संच निवडून काम भागलं पाहिजे. तिनं एक सोयीचं झाकण दाखवलं होतं. ‘प्रत्येक’ आणि ‘एखादं’ यांतला फरक, बस.

हा फरक ती माझ्यापेक्षा बरा शिकवते. एकदा ऑफ तासाला ज्युनिअर मुलींना सांगत होती, मी दाराबाहेर थांबलो. तिचे वडील टेलर. “पप्पांकडं येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला त्याच्या त्याच्या मापाचा शर्ट मिळतो, हे कंटिन्युअस. एकाच मापाचा शर्ट सगळ्यांना बसायला पाहिजे, हे युनिफॉर्मली कंटिन्युअस. आता (०, १) वर एक भागिले एक्स घे. शून्याकडं जाशील तसं डेल्टाचं माप आखूड होत जातं. सगळ्यांना चालेल असं एक माप राहतच नाही.” एप्सिलॉन-डेल्टावर मी वर्षानुवर्षं सहा तास खर्च करत आलो होतो.

मग नेटचे जुने पेपर काढून बसलो. गणिताच्या भाग ‘क’मध्ये एकाहून जास्त पर्याय बरोबर असू शकतात आणि नेमके तेवढेच सगळे निवडले तर गुण. तिथं पाठांतर कुठून चालणार? तिथं ‘प्रत्येक’च्या जागी ‘एखादं’ ठेवूनच पर्याय बनवलेले असतात. माझी मुलं तिथं का पडत होती ते कळलं. मी सेटला का पडत होतो तेही.

ज्याला मी माया म्हणत होतो ती खरं तर कीव होती. यांना जमणार नाही असं मी यांच्या वतीनं ठरवून टाकलं होतं, आणि त्या कीवेच्या आडोशाला माझं स्वतःचं न येणं सुखानं बसलं होतं.

आता मी वर्गात प्रश्न घेतो. याची किंमत आहे. पहिल्याच वर्षी पोर्शन संपला नाही, निकाल घसरला, प्राचार्यांनी बोलावून घेतलं. एक मुलगा सरळ म्हणाला, “सर, मला बी.एड.ला टक्केवारी लागते. तुमचे प्रयोग आमच्यावर का?” त्याचं चूक नव्हतं, आणि त्याला द्यायला माझ्याकडं धड उत्तर आजही नाही. परीक्षेआधी पंधरा दिवस मी अजूनही प्रमेयांची यादी देतो. फक्त चौकट करत नाही.

नोट्स मात्र मी परवा पुन्हा चाळल्या. एक्केचाळिसाव्या पानावर कॉम्पॅक्ट संचाची व्याख्या आहे. ‘एव्हरी ओपन कव्हर’ असं हवं, तिथं मी ‘ॲन ओपन कव्हर’ लिहिलंय. माझ्याच अक्षरात. मुलांनी ती तशीच पेपरात उतरवली असणार, आणि तपासणाऱ्यांनी, ज्यांत मीही होतो, गुण दिले. दुकानदाराला सांगून झालं, पण विकलेल्या प्रती कुठं कुठं गेल्या याचा हिशेब नाही. कुणाच्या घरी असतील तर कृपा करून ते पान काढावं आणि तेवढा शब्द दुरुस्त करून घ्यावा.